एक भूमी, अनेक बोजे : तारण-हक्कांच्या अग्रक्रमाचे स्वरूप
(भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन)

१. प्रश्नाचे स्वरूप

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या धानाच्या बांधीचा सात-बारा उतारा पाहिला, तर त्यातील 'इतर हक्क' या रकान्यात अनेकदा एकाहून अधिक बोजे नोंदलेले आढळतात. विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज असते. विहिरीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी बँकेने दिलेले दीर्घ मुदतीचे कर्ज असते. क्वचित भूविकास बँकेची जुनी नोंदही तशीच राहिलेली असते. भूमी एक आणि धनको अनेक, अशी ही स्थिती असते. ऋणको नियमाने परतफेड करीत असेल तोवर या धनकोंमध्ये विरोध उत्पन्न होण्याचे कारण नसते. परंतु परतफेड थांबली, जमीन लिलावास निघाली आणि येणाऱ्या किमतीत सर्वांचे देणे भागेनासे झाले, म्हणजे आधी कोणी घ्यावयाचे व उरल्यास कोणी घ्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो. या क्रमालाच तारण-हक्कांचा अग्रक्रम असे म्हणतात. ज्याचा हक्क आधी तो पूर्व बोजा व ज्याचा नंतर तो उत्तर बोजा होय.

हा क्रम उताऱ्यावरील नोंदींच्या क्रमाने ठरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जमीन विकत घेणारे, तारणावर पैसा गुंतविणारे आणि वारसाहक्काने जमीन मिळालेले, असे तिन्ही प्रकारचे लोक या समजुतीवर विसंबतात व फसतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, अग्रक्रम मुख्यतः काळाने ठरतो. तथापि ज्ञान व वर्तन यांमुळे तो बदलू शकतो, आणि विशिष्ट देण्यांच्या बाबतीत कायदा काळाचा विचार बाजूस सारून स्वतःच क्रम लावून देतो. उतारा हा या तिन्ही गोष्टींचा केवळ सूचक आहे, निर्णायक नव्हे.

२. मालगुजारीच्या इतिहासातील एक दृष्टांत

जमिनीवर गहाणाचा बोजा बसविता येण्यासाठी ती जमीन आधी हस्तांतरणीय असावी लागते. भंडारा जिल्ह्यात ही स्थिती प्रामुख्याने १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतरच्या बंदोबस्ताने निर्माण झाली. पूर्वी सारा वसूल करून देणाऱ्या मालगुजारास या बंदोबस्तात गावाचे मालकी हक्क मिळाले. गाव सोळा आण्यांचे मानून भागीदारांचे हिस्से आणेवारीने मोजले जात, आणि हे हिस्से, त्यांतील सीर व खुदकास्त जमिनींसह, गहाण पडू लागले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १ जुलै १८८२ पासून अमलात आला, तेव्हा तो मुंबई प्रांतास लागू नव्हता. तेथे तो १८९३ पासून आला. मध्य प्रांतास मात्र तो आरंभापासूनच लागू होता. म्हणजे गहाणांच्या अग्रक्रमाचे लिखित नियम भंडाऱ्यास पुण्या-साताऱ्याच्या आधी पोचले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर कर्जाचा प्रश्न मध्य प्रांतात तीव्र होत गेला, आणि १९३३ मध्ये प्रांताने ऋण-समेटाचा कायदा केला.

यानंतरची घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. त्या राज्याच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे मालकी हक्क सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन राज्याकडे निहित झाले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. घरशेतीची जमीन मालगुजाराकडे 'मालिक मकबुजा' म्हणून राहिली. परंतु गावावरील ज्या मालकीच्या आधारे सावकाराने कर्ज दिले होते ती मालकीच संपुष्टात आली. ताबेगहाणाचे रूपांतर साध्या गहाणात झाले आणि धनकोस नुकसानभरपाईच्या रकमेकडे वळावे लागले. ही रक्कम बाजारभावाने नव्हे, तर निव्वळ उत्पन्नाच्या पटीत ठरलेली होती.

येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बोजा हा जमिनीस चिकटलेला असला तरी जमिनीचे रूपांतर पैशात झाले की तो त्या पैशाकडे वळतो. दुसरी, ज्या वेळी हा पैसा अपुरा पडतो त्या वेळी त्या अपुरेपणाचा भार सर्वांवर समप्रमाणात पडत नाही. तो खालून वर चढतो. शेवटच्या धनकोचे प्रथम बुडते.

३. काळाचे तत्त्व व त्यातील बारकावे

उपर्युक्त अधिनियमाचे कलम ४८ हे या शास्त्राचे अधिष्ठान आहे. एकाच मालमत्तेवर निरनिराळ्या वेळी निर्माण केलेले हक्क एकाच वेळी पूर्णपणे उपभोगता येण्यासारखे नसतील, तर नंतरचा हक्क आधीच्या हक्कास अधीन राहतो, असे ते सांगते. यामागील तर्क साधा आहे. मालकाने एकदा आपल्या मालकीचा एक अंश दिल्यावर त्याच्याकडे जे उरले तेवढेच तो दुसऱ्यास देऊ शकतो. म्हणून दुसरा गहाणदार हा वस्तुतः संपूर्ण जमिनीवर नव्हे, तर पहिल्याचे देणे भागल्यावर उरणाऱ्या मूल्यावर कर्ज देत असतो.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक निदर्शनास आणणे अवश्य आहे. नोंदणी कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नोंदणीकृत दस्तऐवज नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर तो करून दिल्याच्या वेळेपासून परिणामकारक होतो. समजा, ५ जून रोजी लिहिलेले गहाणखत २० ऑगस्ट रोजी नोंदले गेले, आणि दरम्यान १० जुलै रोजी दुसरे गहाणखत लिहून त्याच दिवशी नोंदले गेले. नोंदणी पुस्तकात दुसरे आधी दिसेल. परंतु अग्रक्रम पहिल्याचाच राहील. दस्तऐवज नोंदणीस सादर करण्यास सामान्यतः चार महिन्यांची मुदत असल्यामुळे, केवळ शोध घेऊन 'बोजा नाही' असे समजणारा गुंतवणूकदार या काळापुरता अंधारातच असतो.

हक्कलेख ठेवून केलेल्या गहाणाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कलम ५८ (च) प्रमाणे अधिसूचित शहरात कर्जाच्या तारणार्थ हक्कलेख धनकोच्या स्वाधीन केले असता, निराळे गहाणखत न लिहिताही गहाण सिद्ध होते. जमीन त्या शहरातच असावी लागते असे नाही. असे गहाण पुढे लिहिलेल्या व नोंदलेल्या गहाणखतावरही मात करते, ही तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम ४८ मध्ये आहे. या अदृश्य बोज्यामुळे होणारी फसगत टाळण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे आवश्यक करण्यात आले आहे.

काळाच्या या नियमास वर्तनाचाही अपवाद आहे. पूर्व गहाणदाराच्या कपटामुळे, चुकीच्या निवेदनामुळे अथवा घोर निष्काळजीपणामुळे दुसऱ्याने त्या मालमत्तेवर कर्ज दिले असेल, तर कलम ७८ प्रमाणे पूर्व गहाणदार आपले स्थान गमावतो व मागे पडतो. हक्कलेख योग्य कारणावाचून ऋणकोस परत देऊन त्यास 'मोकळी जमीन' म्हणून मिरवू देणारा धनको या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो.

४. किंमत उतरते तेव्हा

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका भात-गिरणीच्या जागेची किंमत २० लाख रुपये आहे. तिच्यावर 'अ' चे १० लाखांचे, 'ब' चे ६ लाखांचे व 'क' चे ३ लाखांचे, अशी क्रमाने तीन गहाणे आहेत. जागा २० लाखांस विकली गेली, तर तिघांचेही देणे भागून मालकास १ लाख उरतात. या स्थितीत अग्रक्रम असला काय आणि नसला काय, सारखेच.

किंमत १४ लाखांवर आली असे समजा. घट ३० टक्क्यांची आहे. परंतु 'अ' ला आपले १० लाख पूर्ण मिळतात, 'ब' ला ४ लाख मिळून त्याचे एक-तृतीयांश बुडते, आणि 'क' च्या हाती काहीच लागत नाही. आता यात १ लाख रुपये जमीन महसुलाची थकबाकी आणि ५० हजार रुपये लिलावाचा खर्च मिळवा. 'अ' ची स्थिती अद्यापही अबाधित आहे. 'ब' चा वाटा मात्र ४ लाखांवरून अडीच लाखांवर येतो.

यावरून तारणावरील गुंतवणुकीचे मर्म ध्यानात येते. उत्तर गहाणदार अधिक व्याज मागतो ते लोभापायीच असे म्हणता येत नाही. किंमत उतरण्याचा पहिला आघात तो सोसत असतो, त्याचे ते मोल आहे. उलटपक्षी, व्याजाचा दर पाहून मोहात पडणाऱ्याने आपल्या पुढे किती रकमेचे बोजे उभे आहेत, आणि त्यांवरील थकीत व्याज दररोज आपल्या वाट्यातून किती खात आहे, याचा हिशेब प्रथम केला पाहिजे. पूर्व बोज्याचे व्याज वाढते तसतशी उत्तर बोज्याखालची भूमी आकसत जाते.

५. पूर्व गहाणदाराच्या सत्तेची मर्यादा

पूर्व गहाणदाराचे स्थान बळकट असले तरी ते निरंकुश नाही. वरील उदाहरणात 'ब' चे गहाण झाल्यावर 'अ' ने त्याच जागेवर आणखी ३ लाख दिले, तर ही नवी रक्कम जुन्या १० लाखांस जोडून तो 'ब' च्या पुढे नेऊ शकेल काय? जुन्या इंग्लिश न्यायपद्धतीत अशा जोडणीस काही परिस्थितीत वाव होता. आपल्या अधिनियमाच्या कलम ९३ ने तिला मज्जाव केला आहे. नवे ३ लाख हे नव्या तारखेचे, म्हणून 'ब' आणि 'क' यांच्या मागचे.

या नियमास कलम ७९ चा एक महत्त्वाचा अपवाद आहे. पहिले गहाण भावी उचलीसाठी किंवा चालू खात्यातील बाकीसाठी असेल आणि त्यात कमाल मर्यादा स्पष्ट नमूद केलेली असेल, तर त्या मर्यादेपर्यंतची नंतरची उचलही पहिल्या तारखेचेच स्थान घेते. मात्र दुसऱ्या गहाणदारास पहिल्या गहाणाची माहिती असली पाहिजे. हंगामात धान खरेदीसाठी रोख-पत कर्ज उचलणाऱ्या भात-गिरण्यांच्या बाबतीत ही तरतूद निर्णायक ठरते. खात्यात आज २ लाखांचीच बाकी दिसते म्हणून दुसऱ्या धनकोने निश्चिंत राहू नये; मर्यादा १५ लाखांची असेल तर आपल्यापुढे १५ लाख उभे आहेत असेच त्याने धरून चालावे.

दुसरी मर्यादा कलम ८१ ची. 'अ' कडे एक बांधी व एक परसबाग अशा दोन्ही जमिनी गहाण आहेत आणि 'ब' कडे त्यांपैकी केवळ बांधी आहे. अशा वेळी, विरुद्ध करार नसल्यास, 'ब' अशी मागणी करू शकतो की 'अ' ने आपले देणे प्रथम शक्य तितके परसबागेतून वसूल करावे, म्हणजे बांधीचे मूल्य 'ब' साठी शिल्लक राहील. अर्थात यामुळे 'अ' च्या अथवा मोबदला देऊन हक्क मिळविलेल्या अन्य कोणाच्या हक्कास बाध येता कामा नये.

६. उत्तर गहाणदाराची साधने

उत्तर गहाणदार हा निव्वळ प्रेक्षक नव्हे. त्यास पूर्व गहाण सोडविण्याचा अधिकार आहे (कलम ९१), आणि पूर्ण रक्कम भरून ते सोडविल्यास तो पूर्व गहाणदाराच्या जागी उभा राहतो (कलम ९२). भाव मंद असताना पूर्व गहाणदार घाईने लिलाव करू पाहत असेल, तर हा उपाय विशेष उपयोगी पडतो. जो त्रयस्थ मनुष्य गहाण सोडविण्यासाठी ऋणकोस पैसे पुरवितो त्याला मात्र हे स्थान आपोआप मिळत नाही. ऋणकोने तसे नोंदणीकृत लेखाने मान्य केलेले असावे लागते. नात्यातील माणसास विश्वासावर पैसे देऊन बोजा उतरविणारे आप्तेष्ट या एका लेखाच्या अभावी साधे, विनातारण धनको होऊन बसतात.

दाव्याच्या बाबतीत दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३४ लागू होतो. उत्तर गहाणदार पूर्व गहाणदारास पक्षकार न करताही विक्रीचा दावा लावू शकतो. परंतु त्या लिलावात घेणाऱ्यास जमीन पूर्व बोज्यासह मिळते. पूर्व गहाणदाराची संमती असेल तर जमीन त्याच्या बोज्यापासून मुक्त करून विकता येते, आणि मग त्याचा हक्क विक्रीच्या रकमेवर त्याच क्रमाने चालू राहतो. उलट, पूर्व गहाणदाराने दावा लावताना उत्तर गहाणदारास वगळले, तर उत्तर गहाणदाराचा गहाण सोडविण्याचा हक्क त्या हुकूमनाम्याने नष्ट होत नाही. लिलावात स्वस्त जमीन घेऊ पाहणाऱ्याने प्रथम प्रश्न विचारावयाचा तो किमतीचा नसून, ही विक्री कोणत्या बोज्यांसह व कोणत्या बोज्यांवाचून होत आहे, हा होय.

७. कायद्याने दिलेले अग्रस्थान

येथवर पक्षकारांनी करारांनी निर्माण केलेल्या हक्कांचा विचार झाला. परंतु काही देणी अशी आहेत की ज्यांचे स्थान तारखेवर अवलंबून नाही.

यांत पहिले जमीन महसुलाचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६९ प्रमाणे एखाद्या जमिनीच्या महसुलाची थकबाकी हा त्या जमिनीवरील सर्वश्रेष्ठ बोजा असून गहाण, हुकूमनामा, जप्ती या सर्वांच्या आधी तिचा मान आहे. मात्र याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक भेद आहे, आणि तो कार्यालयीन व्यवहारातही अनेकदा विसरला जातो. जी रक्कम मुळात महसूल नाही, पण 'महसुलाच्या थकबाकीप्रमाणे' वसूल करता येते, तिला केवळ विनातारण देण्यांवर अग्रक्रम आहे. वसुलीची पद्धत सारखी म्हणून स्थानही सारखे, असा अर्थ काढता येणार नाही.

दुसरे सहकारी संस्थेचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४७ ने संस्थेच्या कर्जातून काढलेल्या पिकावर संस्थेचा पहिला बोजा मानला आहे. कलम ४८ प्रमाणे सभासदाने घोषणापत्राने जमिनीवर बोजा निर्माण केला असता तोही पहिला बोजा ठरतो, आणि कर्ज फिटेपर्यंत त्या तरतुदीविरुद्ध केलेले हस्तांतरण निरर्थक होते. हे स्थानही निरपवाद नाही. शासनाच्या महसुलाचे व महसुलाप्रमाणे वसूल होणाऱ्या रकमांचे, तसेच भूविकास बँकेचे येणे, मग ते आधीचे असो वा नंतरचे, संस्थेच्या पुढे राहते असे याच कलमात म्हटले आहे. सारांश, शासन, भूविकास बँक व गावची संस्था यांचा क्रम येथे तारखेने नव्हे तर कायद्याच्या शब्दांनी लावला आहे. पुढे २०१५ मध्ये भूविकास बँका गुंडाळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि २०२२ मध्ये राज्यातील सुमारे ३५ हजार शेतकऱ्यांकडील सुमारे ९६४ कोटी रुपयांची त्या बँकांची कर्जे माफ करण्याचे ठरविले. कर्ज संपले की बोजाही संपतो. परंतु उताऱ्यावरील नोंद फेरफाराने कमी करून घ्यावी लागते. जुनी नोंद दिसते म्हणून जिवंत बोजा आहे असे नाही, हा वर सांगितलेल्या मुद्द्याचाच दुसरा पैलू होय.

तिसरे बँकांचे. शेतजमिनीवरील तारण-हक्कास २००२ चा सरफेसी कायदा लागू होत नाही. अकृषिक भूखंड, गिरणी, गोदाम यांस मात्र तो लागू होतो. या मालमत्तांवर विक्रीकरासारख्या देण्यांसाठी राज्यांच्या कायद्यांनी 'पहिला बोजा' निर्माण केला असल्यास तो बँकेच्या आधीच्या गहाणावरही मात करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात म्हटले होते. संसदेने २०१६ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. त्या दुरुस्तीतील कलम २६-ङ हे २४ जानेवारी २०२० पासून अमलात आले; त्यानुसार केंद्रीय नोंदवहीत आपला हक्क नोंदविलेल्या बँकेस कर व उपकर यांवर अग्रक्रम मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ च्या निर्णयात या तरतुदीचे विवेचन करून नोंदणीचे महत्त्व अधोरेखित केले. म्हणजे कायद्याने दिलेले अग्रस्थान कायद्यानेच पालटते, आणि नोंद न करणारी बँक ते मिळवू शकत नाही.

या सर्वांच्या आधी आणखी एक प्रश्न असतो : बोजा मुळात वैध आहे काय? भोगवटादार वर्ग-२ ची जमीन परवानगीवाचून खाजगी व्यक्तीकडे गहाण ठेवली असेल, किंवा कर्ज देणाऱ्याकडे सावकारीचा परवानाच नसेल, तर त्याच्या क्रमाची चर्चा व्यर्थ होय.

८. संपादनाच्या प्रसंगी

भंडारा जिल्ह्यास या विषयाचा अलीकडचा व व्यापक अनुभव गोसीखुर्द प्रकल्पाने दिला. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभारलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, आणि पुढील दशकांत नदीकाठच्या जमिनी संपादित होत गेल्या. संपादित जमीन शासनाकडे बोजामुक्त जाते. मग गहाणदाराचे काय? १९५१ मध्ये विशेष कायद्याने जे घडले ते येथे सामान्य कायद्याने घडते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे गहाणदारास नुकसानभरपाईच्या रकमेतून आपले येणे मागता येते. कर्जाची मुदत संपलेली नसली तरी हा अधिकार चालतो, आणि पूर्व बोजे सोडून अन्य सर्व मागण्यांवर तो वरचढ ठरतो. जमिनीवर जो क्रम होता तोच क्रम पैशावर उतरतो.

विस्थापित कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. नुकसानभरपाईचा आकडा हा हाती पडणारा आकडा नव्हे. त्यातून आधी बोजे वजा होतात, आणि उरलेल्या रकमेवर नवे घर, नवी जमीन उभी करावयाची असते. आपल्या जमिनीवरील बोज्यांचा क्रम व खरी बाकी ज्यास ठाऊक आहे, तो निदान फिटलेल्या कर्जाची नोंद वेळीच कमी करून घेऊ शकतो आणि अवाजवी मागणीस हरकत घेऊ शकतो.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून बोजाग्रस्त जमिनीची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी हे सूचित होते. प्रथम बोजा वैध आहे काय आणि कर्ज अद्याप जिवंत आहे काय ते पाहावे. नंतर जमीन शेतीची की अकृषिक ते पाहावे, कारण त्यावर लागू होणारा कायदा अवलंबून आहे. मग कायद्याने अग्रस्थान दिलेली देणी वेगळी काढावीत. उरलेली गहाणे नोंदणीच्या नव्हे, तर ती करून दिल्याच्या तारखेप्रमाणे लावावीत. हक्कलेख प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहेत याची चौकशी करावी. चालू खात्यांच्या बाबतीत बाकी न धरता मर्यादा धरावी. सरतेशेवटी किंमत तीस टक्क्यांनी उतरली असे मानून हिशेब पुन्हा मांडावा, आणि आपला वाटा तेव्हाही उरतो काय ते पाहावे.

कायद्याचे नियम सर्वत्र एकच असले तरी त्यांचा परिणाम प्रत्येक जिल्ह्याच्या भूधारणेच्या इतिहासातून प्रकट होतो. भंडाऱ्यात मालगुजारी, सहकारी पतपुरवठा आणि धरणासाठी झालेले भूसंपादन या तीन अवस्थांत एकच तत्त्व तीन रूपांनी दिसते. ग्रामवार अभिलेखांच्या आधारे या तिन्हींचा तौलनिक अभ्यास झाल्यास, अग्रक्रमाच्या नियमांनी प्रत्यक्षात कोणाचे रक्षण केले आणि कोणाच्या पदरी काय उरले, हे अधिक निश्चितपणे सांगता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दिशेने लक्ष वळवावे, अशी सूचना करून हे विवेचन पुरे करतो.